मात्रा आणि शुद्ध

ऐका पोरांनो. ही गोष्ट एका कुत्र्यापासून सुरू होते.

इंग्लंडात ऑक्सफर्ड नावाचं गाव आहे. तिथं १६५६ साली ख्रिस्तोफर रेन नावाचा एक तरुण राहत होता. पुढं त्यानं लंडनचं सेंट पॉल हे थोरलं चर्च बांधलं, पण त्या दिवसांत त्याला ध्यास होता शरीराचा. रक्त अंगभर फिरून परत हृदयाकडं येतं, हे विल्यम हार्वेनं १६२८ साली दाखवून दिलं होतं. रेनच्या मनात आलं, रक्त फिरत असेल तर रक्तात सोडलेलं औषधही फिरेल. तेव्हा आजच्यासारखी सुई नव्हती. त्यानं पिसाची पोकळ नळी घेतली, तिला जनावराच्या मूत्राशयाची पिशवी बांधली, पिशवीत दारूत विरघळवलेली अफू भरली आणि मित्र रॉबर्ट बॉयल याच्यासमोर एका कुत्र्याच्या मागच्या पायाच्या शिरेत ती सोडली. कुत्र्याला बांधलेली दोरी सोडली, ते उभं राहिलं, आणि लगेच मान टाकून झोकांड्या खायला लागलं.

“मग मेलं व्हय ते?” आमच्या धाकट्याला राहवेना.

नाही मेलं. त्याला चाबकाचे फटके देत बागेत इकडून तिकडं पळवलं, झोपू दिलं नाही, म्हणून वाचलं. नंतर ते चांगलं गुबगुबीत झालं, त्याचं नाव गावभर झालं आणि त्या नावापायीच कुणीतरी ते चोरून नेलं. बॉयलनं हे सगळं लिहून ठेवलंय.

पण त्या झोकांड्यांत मोठी विद्या होती. अफू तोंडानं घेतली तर ती पोटात मुरून डोक्यात चढायला वेळ लागतो. शिरेतून ती काही क्षणांत चढली. आणि दुसरी गोष्ट अशी, की पोटात गेलेलं ओकून काढता येतं, शिरेत गेलेलं परत घेता येत नाही. म्हणून त्या दिवशी जो प्रश्न उभा राहिला तो आजही प्रत्येक ऑपरेशनच्या टेबलाशी उभा असतो. किती द्यायचं? शुद्ध जायला हवी, श्वास जायला नको. या दोन्हींच्या मधे जी जागा आहे, तिथं माणसाला नेमकं आणून ठेवायचं आणि काम झालं की सुखरूप परत आणायचं.

शिरेतून भूल द्यायची वाट नीट सापडायला पुढं पावणेतीनशे वर्षं लागली. त्याआधी भूल आली ती नाकावाटे. १६ ऑक्टोबर १८४६ ला अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात मॉर्टननं एका रोग्याला ईथर हुंगवून ऑपरेशन करता येतं हे लोकांसमोर दाखवलं. दुसऱ्याच वर्षी एडिनबरोत सिम्पसननं क्लोरोफॉर्म आणला. आपल्या मुलखात १८९४ साली डॉक्टर वानलेस यांनी मिरजेला दवाखाना उघडला, तो काळ या ईथर-क्लोरोफॉर्मचाच. आजही आपल्या जतचा माणूस मोठं दुखणं आलं की मिरजेची वाट धरतो, ती वाट तेव्हापासूनची.

क्लोरोफॉर्म गुणी होता, पण धडधाकट माणूस त्याच्याखाली अचानक दगावायचा. का दगावतो, यावर मोठा वाद झाला, आणि तो वाद मिटवायचा प्रयत्न झाला आपल्या शेजारी, हैदराबादेत. १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या पैशानं दोन आयोग बसले. डॉक्टर एडवर्ड लॉरी यांचं म्हणणं होतं, की आधी श्वास बंद पडतो, तेव्हा श्वासावर नजर ठेवा. आयोगानंही तसाच निकाल दिला. पुढं १९११ च्या सुमारास लेव्ही यानं दाखवलं, की क्लोरोफॉर्मखाली हृदयाचे ठोकेही अचानक बिघडून माणूस जाऊ शकतो. म्हणजे नजर श्वासावर हवी आणि नाडीवरही हवी. ही समज यायला फार जीव गेले, पोरांनो. आज ऑपरेशनच्या खोलीत जी यंत्रं टिकटिक करत असतात, त्यांच्यामागं ही माणसं आहेत.

आता शिरेकडं येऊ. ८ मार्च १९३४ ला अमेरिकेत मॅडिसन गावी राल्फ वॉटर्स यांनी थायोपेंटल नावाचं औषध पहिल्यांदा माणसाच्या शिरेतून दिलं. काही महिन्यांत मेयो क्लिनिकचे जॉन लुंडी यांनीही ते वापरायला घेतलं. गुदमरणं नाही, धडपड नाही, माणूस अर्ध्या-पाऊण मिनिटात शांत. डॉक्टर मंडळी हरखून गेली. मग १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. रक्त वाहून गेलेले सैनिक ऑपरेशनला आले, त्यांतल्या काहींना धडधाकट माणसाचीच मात्रा दिली गेली आणि ते उठले नाहीत. त्या मृत्यूंची संख्या पुढं फुगवून सांगितली गेली, हे खरं आहे, पण धडा खोटा नव्हता. ज्याचं रक्त गेलंय त्याच्या उरलेल्या रक्तातला मोठा वाटा शरीर मेंदू आणि हृदयाकडं वळवतं. मग नेहमीची मात्रा त्याच्या मेंदूला आणि हृदयाला जड होते.

आज सगळीकडं वापरतात ते औषध मात्र वेगळं आहे, आणि ते शोधणारा माणूस माझ्याच धंद्यातला. मी जन्म काढला जनावरांच्या दवाखान्यात, आणि जॉन ग्लेन हाही स्कॉटलंडचा पशुवैद्य. आयसीआय कंपनीत तो नोकरीला होता आणि १९७३ साली त्याला उंदरांवरच्या प्रयोगांत एका संयुगाचा गुण दिसला. तेच प्रोपोफॉल. पण ते पाण्यात विरघळेना. पहिल्यांदा ज्या द्रावकात घातलं त्याचं माणसांना वावडं निघालं, काम थांबलं. ग्लेननं चिकाटी सोडली नाही. शेवटी सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन यांच्यात ते मिसळलं, दुधासारखं पांढरं द्रावण झालं, आणि १९८६ साली ते बाजारात आलं. २०१८ साली ग्लेनला लास्कर पुरस्कार मिळाला. जनावरांच्या डॉक्टरनं जगभरच्या माणसांना सुखाची भूल दिली, याचा मला फार अभिमान वाटतो.

“पण ते पांढरं दूध करतं काय?” थोरलीनं विचारलं. तिला प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जायची खोड आहे, आणि ती खोड मला प्यारी आहे.

करतं ते असं. हातावरच्या शिरेत औषध सोडलं की ते रक्ताबरोबर हृदयात जातं, तिथून फुप्फुसात, परत हृदयात आणि मग मेंदूत. एवढ्या प्रवासाला लागतात साधारण तीस-चाळीस सेकंद. मेंदूचं वजन शरीराच्या अवघं २ टक्के, पण हृदयानं ढकललेल्या रक्ताचा जवळजवळ १५ टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. शिवाय प्रोपोफॉल चरबीत सहज मिसळतं, त्यामुळं मेंदूच्या पेशींत ते भराभर शिरतं. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, पेशींना शांत करणारं. ते जिथं बसतं तिथंच जवळ प्रोपोफॉल जाऊन चिकटतं आणि गाबाचं काम वाढवतं. पेशीच्या आवरणातल्या वाटा जास्त वेळ उघड्या राहतात, क्लोराइडचे कण आत येतात आणि पेशी संदेश पाठवायची थांबते. अशा कोट्यवधी पेशी.

“मग पाच-दहा मिनिटांत जाग कशी येते? औषध संपतं का?”

इथंच खरी गंमत आहे. औषध तेव्हा अंगातच असतं! आपल्या तालुक्यात टँकर येतो ना, तसं डोळ्यांसमोर आणा. एक लहान हौद आहे. त्याला जाड पाइपानं एक मधला हौद जोडलाय आणि बारीक पाइपानं एक भला मोठा हौद. लहान हौदाच्या तळाला एक मोरी आहे. टँकरनं लहान हौदात भसकन पाणी ओतलं की त्याची पातळी एकदम चढते. मग पाणी मधल्या हौदात जातं, सावकाश मोठ्या हौदातही जातं, थोडं मोरीतून वाहून जातं, आणि लहान हौदाची पातळी उतरते. लहान हौद म्हणजे रक्त आणि त्याच्याशी लगेच समतोल साधणारे मेंदूसारखे अवयव, मधला म्हणजे स्नायू, मोठा म्हणजे चरबी, आणि मोरी म्हणजे मुख्यतः यकृत. एकदाच दिलेली मात्रा मेंदूतून निघून स्नायूंत पसरते, म्हणून जाग येते. पण दोन तास औषध चालूच ठेवलं तर? बाजूचे हौदही भरत जातात. मग बंद केल्यावर तिथलं पाणी उलटं लहान हौदात यायला लागतं आणि जाग यायला वेळ लागतो.

हे नुसतं समजावण्यापुरतं नाही बरं का. शास्त्रज्ञ असेच तीन हौद कागदावर मांडून गणित करतात. ग्लासगोच्या गॅव्हिन केनी यांच्या चमूनं हे गणित पंपात बसवलं आणि १९९६ साली तसा पंप बाजारात आला. रोग्याचं वय आणि वजन सांगितलं, रक्तात औषधाचं प्रमाण किती हवं ते सांगितलं, की पंप स्वतः हिशेब करून सुरुवातीला भरभर आणि मग सावकाश औषध सोडतो.

“आज्जीला किती देतील?” थोरलीनं विचारलं. पुढच्या आठवड्यात तुमच्या आज्जीला पित्ताशयाच्या ऑपरेशनला मिरजेला न्यायचंय, ते तिच्या मनात होतं. “पुस्तकात किलोला २ मिलिग्रॅम लिहिलंय. आज्जीचं वजन ५० किलो, म्हणजे १०० मिलिग्रॅम.”

गुणाकार बरोबर आहे, पोरी, पण तो तुझ्या बापासाठी आहे. तरुण धडधाकट माणसाला किलोमागं दीड ते अडीच मिलिग्रॅम लागतं. तुझी आज्जी सत्तरीच्या पुढची. त्या वयाला किलोमागं एक ते दीड मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे ५० ते ७५. आणि तेही एका दमात द्यायचं नाही. दहा सेकंदांना २० मिलिग्रॅम अशा बेतानं. म्हाताऱ्या माणसाचं रक्त सावकाश फिरतं, औषध मेंदूपर्यंत उशिरा पोचतं. देणाऱ्यानं घाई केली, ‘अजून डोळे कसे मिटले नाहीत’ म्हणून आणखी दिलं, तर आधीचं आणि नंतरचं दोन्ही एकदम पोचतं, रक्तदाब घसरतो, श्वास थांबतो. थांबून बघणं हा इथं औषधाचाच भाग आहे. उलट लहान पोराला किलोमागं जास्त लागतं, अडीच ते साडेतीन मिलिग्रॅम, कारण त्याच्या अंगात औषध पसरतं जास्त आणि निचरा होतो भराभर.

वजन सगळं सांगत नाही, हे मला आपल्या जनावरांनी शिकवलं. झायलाझिन नावाचं एक गुंगीचं औषध आम्ही वापरतो. घोड्याला जेवढं किलोमागं लागतं, त्याच्या दहाव्या भागात बैल गुंगतो. यल्लम्माच्या यात्रेत उभा असलेला खिलार बैल बघा, केवढं ते वशिंड, केवढी ती ताकद! पण त्याला घोड्याच्या हिशेबानं औषध टोचलं तर तो आडवाच होईल. प्रत्येक जातीच्या पेशी औषधाला वेगळं उत्तर देतात. आणि माणसं सगळी एकाच जातीची असली, तरी तीही सारखी नसतात. रोज दारू पिणाऱ्याला बहुधा जास्त औषध लागतं. त्या क्षणी दारू पिऊन आलेल्याला कमी लागतं. अंगातलं पाणी कमी झालेल्याला, हृदय अशक्त असलेल्याला जपून द्यावं लागतं.

आता सगळ्यात नवलाची गोष्ट सांगतो. औषधाचं प्रमाण मेंदूत हळूहळू चढतं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एका मिलिलिटर रक्तात असे साधारण दोन ते चार मायक्रोग्रॅम झाले, की बहुतेक माणसांची शुद्ध जाते. कुणाची थोडी आधी, कुणाची नंतर. शंभर माणसांचा आलेख काढला तर तो वळण घेत हळूहळू चढताना दिसतो. पण त्यातल्या एकेका माणसाकडं बघा. तो बोलत असतो, बोलताबोलता शब्द जड होतो, आणि पुढच्या क्षणी तो नसतो. औषध सावकाश चढलं, माणूस मात्र एकदम गेला. सरासरीचा आलेख कितीही सुबक असला, तरी या माणसाचा क्षण त्यात लिहिलेला नसतो.

तो क्षण कसा ओळखायचा? भूल देणारे डॉक्टर नावानं हाक मारतात, पापणीच्या केसांना हळूच बोट लावतात. पापणी हलली नाही की समजायचं. बोस्टनच्या त्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात, जिथं १८४६ साली ईथर दिला होता, पॅट्रिक पर्डन आणि एमरी ब्राउन यांनी निरोगी माणसांना फार सावकाश प्रोपोफॉल दिलं आणि २०१३ साली ते काम प्रसिद्ध केलं. कानात आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. औषध वाढत गेलं तसं माणसं नुसत्या टकटक आवाजाला उत्तर द्यायची आधी थांबली. शब्दांना मात्र त्यानंतरही काही वेळ उत्तर देत राहिली, आणि त्या शब्दांत ज्याचं त्याचं नावही होतं. बुडताना माणूस शब्दाला धरून असतो, पोरांनो. मला हे वाचून भरून आलं होतं. त्याच वेळी डोक्याला लावलेल्या तारांवर मेंदूच्या लहरी बदलत होत्या. सेकंदाला एकदासुद्धा न येणाऱ्या संथ लाटा उठल्या आणि कपाळामागच्या भागात सेकंदाला आठ ते बारा कंपनांची एक ठाम लय सुरू झाली. मेंदू बंद पडला नव्हता. त्याचे भाग एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

आणखी एक. आत जायची आणि बाहेर यायची पायरी एकच असते का? उंदरांवर आणि फळमाश्यांवर प्रयोग झाले, तेव्हा दिसलं, की भूल ज्या प्रमाणाला चढते, त्यापेक्षा बऱ्याच कमी प्रमाणाला ती उतरते. जणू मेंदू ज्या स्थितीत असतो त्याच स्थितीत राहू बघतो. आपली शुद्ध म्हणजे नेमकं काय, हे कोडं सुटायचंय, आणि तुमच्यापैकी कुणी ते सोडवलं तर मला मोठा आनंद होईल.

आता तुम्ही म्हणाल, एवढं गणित आहे, पंप आहे, कपाळावर पट्टी लावून शून्य ते शंभर आकडा दाखवणारं यंत्रही आहे. ऑपरेशनच्या वेळी तो आकडा ४० ते ६० च्या दरम्यान ठेवतात. मग माणूस कशाला बसतो तिथं? ऐका. ऑपरेशनात बऱ्याचदा स्नायू सैल करणारं औषध देतात. मग रोग्याला हात हलवता येत नाही, डोळा उघडता येत नाही. आत जाग आली तर सांगणार कसा? १९७७ साली टनस्टॉल नावाच्या डॉक्टरनं साधी युक्ती केली. ते औषध द्यायच्या आधी एका हाताला पट्टा आवळायचा, म्हणजे त्या हातात औषध पोचत नाही. मग रोग्याला कानात सांगायचं, ‘ऐकू येत असेल तर माझा हात दाबा’. पुढं अनेकांनी ही युक्ती वापरली. काही रोग्यांनी हात दाबला, आणि जागे झाल्यावर त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं! म्हणजे शुद्ध वेगळी, आठवण वेगळी, हालचाल वेगळी. एका आकड्यात या तिन्ही मावत नाहीत.

म्हणून मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायचीय. पुस्तकातली मात्रा ही सुरुवात असते. उरलेली मात्रा त्या माणसाकडं बघूनच ठरते. त्याच्या श्वासाकडं, नाडीकडं, रक्तदाबाकडं, पापणीकडं बघत, थेंबाथेंबानं. ऑपरेशन करणारे डॉक्टर पित्ताशय बघत असतात, तेव्हा दुसरं कुणीतरी सबंध वेळ तुमच्या आज्जीकडं बघत असतं. रेनच्या काळापासून आजवर औषधं कितीतरी बदलली. हे बघत बसणं बदललं नाही, आणि बदलू नये.

त्या बघणाऱ्याला आपणही मदत करायची. मिरजेला गेल्यावर आज्जी काही लपवणार नाही, ही जबाबदारी तुमच्यावर. ती मिश्री लावते, ते सांगायचं. बीपीची गोळी, साखरेची गोळी, कुणी दिलेला पाला, काढा, सगळं सांगायचं. मागं कुठल्या औषधानं अंगावर पित्त उठलं होतं, तेही सांगायचं. ऑपरेशनच्या आधी सहा तास भाकरीचा तुकडा नाही, चहा-दूध नाही. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण डॉक्टर सांगतील तेच खरं. पोट भरलेलं असलं आणि शुद्ध गेली, की पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. ‘म्हातारीला उपाशी कशी ठेवू’ म्हणून कुणी प्रेमानं घास भरवला, तर ते प्रेम जिवावर बेतेल.

आणि एक करा. ऑपरेशन कुणी केलं, हे आपल्याकडं गावभर ठाऊक असतं. भूल कुणी दिली, हे कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. भूल देणारे डॉक्टर आदल्या दिवशी तपासायला येतील, तेव्हा उठून उभे राहा, त्यांना नमस्कार करा, त्यांचं नाव विचारा आणि आज्जीला सांगून ठेवा. उद्या तिची शुद्ध ज्यांच्या हाती असणार आहे, त्यांचं नाव तिला ठाऊक असलंच पाहिजे.